मठार

कादंबरीत तो शब्द अकरा वेळा येतो.
बर्निश्ड.
आधी आकाशाला, मग घोडीच्या पाठीला,
एका सफरचंदाला, दुपारच्या खाडीला,
नायिकेच्या केसांना तर तीनदा.
लेखिकेचा हात सारखा त्याच डब्यात जात असावा.

शब्दकोश म्हणतो : झिलई दिलेला, उजळलेला, चकचकीत.
चकचकीत म्हणजे आमच्या कॉलेज रोडवरची दुकानं.
झिलई म्हटलं की मला लोणच्याची बरणी दिसते.

आकाशाला मी तांबूस देऊन टाकलं,
घोडीला तुकतुकीत, सफरचंदाला काहीच नाही,
ते मराठीत आपोआप चमकतं.
केसांचं तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी भागवलं.

अकराव्यांदा तो शब्द
एका मरणाऱ्या म्हाताऱ्याच्या कपाळावर आहे.
तिथं नऊ दिवस अडकले.
संपादक पराग फोनवर म्हणाला, "तेजस्वी टाका ना, ताई."
तेजस्वी टाकलं की म्हाताऱ्याचा संत होतो.
हा तर गोदीतला हिशेबनीस,
बायकोला न सांगता कर्ज करून ठेवलेला.

घंगाळाला पोचे पडले होते म्हणून तांबट लेनला गेले.
भालचंद्र वडक्यांचं दुकान, रस्त्यापासून दोन पायऱ्या खाली.
पन्नास वर्षं ठोकून ठोकून त्यांना कानानं कमी.
विचारलं, काका, बर्निश्डला तुम्ही काय म्हणाल?
"वार्निश?" ते म्हणाले. "ते लाकडाला. तांब्याला नको."
चमक हो, चमक, मी ओरडले, घासून आणतात ती!
"घासायला चिंच घ्या. ते घरी.
इथं मठारतो."

आणि घंगाळ मेखेवर पालथं घालून
एकाशेजारी एक, एकाशेजारी एक,
हातोडीच्या गुळगुळीत तोंडानं
प्रत्येक ठोक्याचं एक नाणं उमटत गेलं,
त्याच्या कडेवर दुसऱ्याची कड.
"यानं भांडं कडक होतं," मान वर न करता.
"नाहीतर पत्रा मऊ. दाबला की दबला.
चमक काय, ती फुकट येते मागोमाग."

रिक्षात घंगाळ मांडीवर.
रविवार कारंजापाशी उन्हाचे त्यात शंभर तुकडे झाले,
रिक्षावाला म्हणाला, बाई, ते जरा पालथं धरा.

वडील नाशिकरोडला प्रेसमध्ये होते,
चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या नोटा मोजल्या.
शेवटच्या आठवड्यात नर्सनं ओलं फडकं फिरवलं
तेव्हा ट्यूबलाइटखाली त्यांचं कपाळ
तसं दिसलं होतं.
तेज नव्हतं ते.
तेव्हा मी शब्द शोधत नव्हते.

त्या रात्री लिहिलं : मठारलेलं कपाळ.
चूकच आहे, खरं तर.
इंग्रजी शब्द घासतो, हा ठोकतो;
एवढं मला कळतं.
दहा ठिकाणी लेखिकेचं ऐकलं,
एका ठिकाणी वडक्यांचं.

परागचा मेसेज : वाचकाला कळणार नाही, तळटीप हवी.
मी लिहिलं, नाही कळलं तर जाऊ दे त्याला तांबट लेनला,
निदान आवाज तरी ऐकेल.
त्यानं अंगठा पाठवला. राग की होकार, कोण जाणे.

पहिली प्रुफं आली. वाचनालयात बसून उघडली.
पान दोनशे बारा :
'दिव्याच्या उजेडात त्याचं मटारलेलं कपाळ...'
इतकी हसले
की पेपर वाचणारे दोन आजोबा
उठून पलीकडच्या पंख्याखाली गेले.

मग लाल पेन काढलं
आणि ट-चं उघडं तोंड
आतल्या बाजूनं, हात न उचलता,
वळवत वळवत नेऊन
मिटवलं.